गोळी स्वस्त, संकोच महाग

दिवाळी आटोपली किंवा उन्हाळ्याच्या सुट्या संपत आल्या की महालातील औषधांच्या दुकानांत एक वेगळी गर्दी दिसू लागते. परदेशी परतणाऱ्या मुला-सुनांच्या याद्या घेऊन आई-वडील बडकस चौकापासून गंजीपेठेतील दवा बाजारापर्यंत फिरत असतात. रक्तदाबाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, थायरॉईडच्या बाटल्या, पोटाची औषधे. सावजी मसाला आणि संत्राबर्फीच्या डब्यांशेजारी बॅगेत त्यांनाही जागा मिळते. अमेरिकेत डॉक्टर महाग, आखातात सुटी मिळत नाही, मग इथूनच नेलेले बरे, असा सरळ हिशेब असतो. त्यात वावगे काही नाही.

परंतु या यादीत कधी कधी अगदी तळाशी, घाईने लिहिलेले एक नाव असते. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर. संख्याही थोडीथोडकी नसते, दीडशे-दोनशे गोळ्या. हे कशाचे औषध, असे आईने विचारले तर दुकानदार सांगतो, ‘नागिणीचे.’ उत्तर खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे न बोलता राहते, आणि ते न बोलल्यामुळे काय काय होते, हे आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

नागीण वेगळी, हर्पिस वेगळा

आपण जिला नागीण म्हणतो, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे कधी तरी छातीवर, पाठीवर, चेहऱ्यावर एका बाजूला फोडांचा पट्टा उठतो. नागिणीचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो ही समजूत निव्वळ खोटी आहे. औषध मात्र लवकर, शक्यतो तीन दिवसांच्या आत सुरू व्हावे लागते. मोठ्या माणसाला ॲसायक्लोव्हिर ८०० मि.ग्रॅ. दिवसातून पाच वेळा, सात दिवस, असा त्याचा नेहमीचा डोस असतो. सात दिवसांचे काम. त्यासाठी कोणी दोनशे गोळ्या परदेशी नेत नाही.

वर्षभराच्या गोळ्या लागतात त्या हर्पिस सिम्प्लेक्स या दुसऱ्या, पण त्याच कुळातील विषाणूसाठी. याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा ओठांवर येतो. तापानंतर ओठाच्या कडेला फोडांचा घोस येतो, तो हाच. दुसरा प्रकार बहुधा जननेंद्रियांवर येतो आणि शरीरसंबंधातून पसरतो. मात्र पहिला प्रकारही तोंडावाटे जननेंद्रियांपर्यंत जाऊ शकतो.

हा रोग थोड्याशा बिघडलेल्या लोकांचा, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतील ३८० कोटी लोकांत, म्हणजे शंभरातील ६४ जणांत, पहिला प्रकार आहे. १५ ते ४९ वयाच्या ५२ कोटी लोकांत दुसरा प्रकार आहे. जननेंद्रियांचा हर्पिस, दोन्ही प्रकार धरून, ८४ कोटी ६० लाख लोकांत आहे. त्यांतील बहुतेकांना आपल्याला काही झाले आहे याचा पत्ताही नसतो.

हा विषाणू एकदा आला की कायमचा राहतो. मज्जातंतूंच्या गाठींत झोपतो, केव्हा तरी जागा होतो. जागरण, ताप, मासिक पाळी, मानसिक ताण ही त्याची निमित्ते. घर सोडून परक्या देशात गेलेल्या माणसाला ताण आणि जागरण यांची काय कमतरता? म्हणूनच येथे असताना वर्षातून एकदा होणारा त्रास तिकडे गेल्यावर वारंवार होऊ लागला, अशा तक्रारी ऐकू येतात.

औषधाची छोटीशी कहाणी

पन्नास वर्षांपूर्वी या रोगावर धड औषध नव्हते. बरोज वेलकम या कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲसायक्लोव्हिर तयार झाले. अमेरिकेत १९८२ साली त्याचे मलम व १९८५ साली पोटात घ्यायचे औषध मंजूर झाले. या संशोधनाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली दोन सहकाऱ्यांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाची खुबी अशी की ते विषाणूच्याच एका विकराने जागे होते. ज्या पेशीत विषाणू शिरला आहे तेथेच ते काम करते. निरोगी पेशींना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. म्हणून ते दीर्घकाळ घेता येते. सहा वर्षांपर्यंत रोज ॲसायक्लोव्हिर घेणाऱ्या रुग्णांमध्ये त्याची सुरक्षितता तपासली गेली आहे.

१९९५ साली व्हॅलासायक्लोव्हिर आले. ते पोटात गेल्यावर ॲसायक्लोव्हिरच बनते, फक्त जास्त प्रमाणात रक्तात पोहोचते. त्यामुळे दिवसातून दोनऐवजी एक गोळी पुरते.

आपल्याकडे ही औषधे स्वस्त का, याचेही उत्तर समजून घ्यावे. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्या देशात औषधाच्या कृतीवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर नव्हे. १ जानेवारी २००५ पासून हा कायदा बदलला, पण तोवर आपल्या कारखान्यांनी ही औषधे वेगळ्या रीतीने तयार करून बाजारात आणली होती. पुढे अमेरिकेत २००९ साली व्हॅलासायक्लोव्हिरची पहिली जेनेरिक गोळी आली, ती रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीची. तेव्हा तिकडे मिळणारी स्वस्त गोळी हलकी आणि इथली मात्र अस्सल, असे समजण्यात अर्थ नाही.

रोज गोळी प्रत्येकाला लागत नाही

खर्चाचा विचार करताना पहिला प्रश्न हाच विचारावा. ज्याला वर्षातून एक-दोन वेळाच त्रास होतो त्याने रोज औषध घेण्याची बहुधा गरज नसते. मुंग्या येणे, जळजळ, ठणका ही पूर्वसूचना ओळखून त्याच दिवशी औषध सुरू केले तर दोन ते पाच दिवसांच्या गोळ्यांत काम भागते. अशा माणसाने एक-दोन पाकिटे जवळ बाळगली की पुरे.

ज्याला वारंवार त्रास होतो, ज्याची जोडीदाराला लागण करण्याची भीती आहे किंवा ज्याचे मन या विचाराने खचले आहे, त्याला रोजच्या औषधाचा उपयोग होतो. ॲसायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मि.ग्रॅ. एकदा (काहींना १ ग्रॅम) हा नेहमीचा प्रघात. वारंवार त्रास होणाऱ्यांत त्याने उद्रेक ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. वर्षातून एकदा डॉक्टरांशी बोलून औषध चालू ठेवायचे की थांबवून पाहायचे हे ठरवावे, कारण जसजशी वर्षे जातात तसतसे उद्रेक आपोआप विरळ होतात. एकदा सुरू झाले म्हणून जन्मभर चालू, असा नियम नाही.

आता हिशेब करू. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे वर्षाला ७३०. समजा, येथे एक गोळी दहा रुपयांना पडली, तर वर्षाचे ७,३०० रुपये. नाक्यावरच्या चहा-पानाला याहून जास्त जातात. ॲसायक्लोव्हिर हे आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. मलमांवर मात्र पैसे घालवू नयेत. जननेंद्रियांच्या हर्पिसवर ॲसायक्लोव्हिरच्या मलमाचा फायदा नगण्य आहे. खाज-खरजेची म्हणून मिळणारी स्टिरॉईडमिश्रित मलमे तर अपायच करतात. तसेच त्रास नसताना रक्ताच्या महागड्या तपासण्या करून घेऊ नयेत. ‘आयजीएम’ नावाची तपासणी या रोगात दिशाभूल करते. ताज्या फोडातील द्रव तपासणे ही खरी तपासणी.

परदेशी खर्च नेमका कशाचा?

तिकडे गेलेला मुलगा प्रत्येक गोष्टीला डॉलरच्या भावाने गुणतो. सुरुवातीची दोन वर्षे हे व्हायचेच. पण या गुणाकारात एक चूक राहते. तिकडे महाग असते ते डॉक्टरांकडे जाणे, गोळी नव्हे. जेनेरिक ॲसायक्लोव्हिर अमेरिकेतही स्वस्त औषधांत गणले जाते. दुकानागणिक भाव बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारावे. सवलतीची कूपने असतात, आणि कधी कधी विमा न दाखवता रोखीने घेतलेली गोळी स्वस्त पडते. एकदा डॉक्टरांची फी भरून वर्षभराची चिठ्ठी घेतली आणि नव्वद दिवसांचे औषध एकदम उचलले, तर वर्षाचा खर्च आटोक्यात येतो. ज्यांच्याकडे विमा नाही, उदाहरणार्थ शिक्षण संपवून नोकरी शोधणारी मुले, त्यांच्यासाठी सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे आहेत. तेथे उत्पन्न पाहून फी ठरते.

इंग्लंडमध्ये तर संकोच सोडला की खर्चाचा प्रश्न जवळपास सुटतो. लैंगिक संसर्गाचे निदान व उपचार तेथील सरकारी आरोग्यसेवेत परदेशी माणसालाही मोफत आहेत. लैंगिक आरोग्य केंद्रात थेट जाता येते. पुढे नेहमीच्या डॉक्टरांकडून औषध घेतले तर इंग्लंडमध्ये एका औषधामागे ठरावीक शुल्क पडते. मे २०२४ मध्ये ते ९ पौंड ९० पेन्स ठरले. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये हे शुल्कही नाही. लीड्स किंवा लेस्टरला शिकणारी मुले महालातून पार्सलची वाट पाहत बसतात तेव्हा वाईट वाटते.

आखातातील गोष्ट वेगळी. तेथे भीती पैशाची कमी आणि नोकरीची जास्त. रोग कळला तर परत पाठवतील, या धास्तीने माणूस डॉक्टरांकडे जातच नाही. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही, क्षयरोग, काविळीचे काही प्रकार, सिफिलिस पाहतात. हर्पिससाठी ही तपासणी नसते. अमेरिकेच्या स्थायी वास्तव्यासाठीच्या तपासणीतही क्षय, सिफिलिस, परमा, कुष्ठरोग आहेत, हर्पिस नाही. एचआयव्हीदेखील जानेवारी २०१० पासून त्या यादीतून वगळले आहे. म्हणजे ज्या कारणासाठी माणूस सहन करीत बसतो, ते कारणच मुळात नाही. १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सर्व भागांत खासगी नोकरांचा आरोग्य विमा काढणे मालकांवर बंधनकारक झाले आहे. तो विमा वापरावा.

आखातात उन्हात काम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. अंगातील पाणी कमी झाले की ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. नागपूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला पाणी पिण्याचे महत्त्व सांगायला नको, पण तिकडे कामाच्या घाईत ते विसरले जाते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस कमी करावा लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

सोबत नेताना

स्वतः नेत असाल तर तीन महिन्यांपुरते न्या. गोळ्या मूळ पाकिटातच असू द्या. डबीत मोकळ्या भरू नका. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, पासपोर्टवरील नावाने, औषधाच्या मूळ नावासह घ्या. ॲसायक्लोव्हिर हे मादक किंवा गुंगीचे औषध नाही. पण आखाती देशांत ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत, आणि त्याच बॅगेत खोकल्याची नाही तर दुखण्याची एखादी गोळी असली तर नसते लचांड मागे लागते.

टपालाने अमेरिकेत औषधे पाठवण्याचा मार्ग भरवशाचा नाही. पार्सल सीमाशुल्क तपासणीत अडकते आणि ऐन गरजेला गोळ्या नसतात. कोणत्या तरी संकेतस्थळावरून चिठ्ठीविना मागवलेल्या गोळ्यांत काय आहे, हे कोणी सांगू शकत नाही.

आम्हा डॉक्टर मंडळींनाही येथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘मुलाला तिकडे पाठवायचे आहे, चिठ्ठी लिहून द्या,’ अशी ओळखीच्या घरातून गळ घातली जाते आणि न पाहिलेल्या रुग्णाची चिठ्ठी लिहिली जाते. आपल्या देशात २५ मार्च २०२० रोजी दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियम आले. पण देशाबाहेर बसलेल्या रुग्णाला सल्ला देणे त्या नियमांत येत नाही. नियम बाजूला ठेवला तरी, फोड न पाहता हर्पिस ठरवणे हे वैद्यकशास्त्र नव्हे. तो सिफिलिसही असू शकतो, आणि त्याचे औषध निराळे. शिवाय हर्पिसचा दुसरा प्रकार असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. म्हणून या दोन्ही तपासण्या एकदा झाल्याच पाहिजेत. पार्सलमधून आलेल्या गोळ्या या तपासण्या करीत नाहीत.

नवरा, बायको आणि संशय

या विषयाचा सर्वांत नाजूक भाग हा. लग्न होऊन मुलगी तिकडे जाते, वर्ष-सहा महिन्यांत तिला फोड येतात. किंवा त्याला येतात. मग प्रश्न उभा राहतो, ‘कोणाकडून?’ आणि आपल्याकडे पहिले बोट बहुधा तिच्याकडेच वळते.

वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. विषाणू शरीरात शिरल्यानंतर पहिला उद्रेक काही दिवसांत होतो तसा काही वर्षांनीही होऊ शकतो. ज्याच्याकडून लागण झाली त्याला स्वतःला कधीच फोड आलेला नसेल. त्यामुळे आज दिसलेला फोड हा आजच्या बदफैलीचा पुरावा ठरत नाही. कोणाचा दोष, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. या एका अज्ञानापायी घरे मोडू नयेत.

तिकडे गेलेल्या पत्नीचा विमा बहुधा नवऱ्याच्या नोकरीतून असतो आणि खर्चाचा कागद त्याच्या नावाने घरी येतो. त्या भीतीने ती डॉक्टरांकडे जात नाही. दिवस गेले असतील तर हे फार महागात पडू शकते. बाळंतपणाच्या सुमारास पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला रोग होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो. जुना रोग असेल तर तोच धोका एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे जुना रोग आहे हे डॉक्टरांना सांगणाऱ्या आईचे बाळ सुरक्षित असते. छत्तीसाव्या आठवड्यापासून तिला ॲसायक्लोव्हिर देतात आणि बाळंतपण बहुधा सुखरूप पार पडते. नवऱ्याला रोग असेल आणि तिला नसेल, तर त्याने तो लपवणे हा त्या बाळाशी केलेला अपराधच म्हटला पाहिजे.

लग्न ठरताना सांगावे का? आमचे स्पष्ट मत, सांगावे. साऱ्या सोयऱ्यांना नव्हे, जिच्याशी किंवा ज्याच्याशी संसार करायचा त्या एका माणसाला. पत्रिका जुळवायला आपण चार ठिकाणी जातो. एवढी गोष्ट सांगायला पाच मिनिटे पुरतात. सांगणाऱ्याच्या हाती आज देण्यासारखा दिलासाही आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,४८४ जोडपी होती. एकाला रोग, दुसऱ्याला नाही. रोगी जोडीदाराने व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मि.ग्रॅ. रोज घेतल्यावर आठ महिन्यांत दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्यात निरोधाची जोड आणि फोड असताना संबंध टाळण्याचा संयम घातला की धोका आणखी कमी होतो. शून्य होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

आपण येथे काय करावे

परदेशी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी येथेच एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खासगीत जायचे नसेल तर मेडिकल आणि मेयो ही आपली दोन सरकारी रुग्णालये आहेत. सरकारी एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ‘सुरक्षा क्लिनिक’ याच कामासाठी असतात. तेथे हर्पिसच्या उद्रेकासाठी लाल रंगाचे, पाच क्रमांकाचे औषध-पाकीट मोफत मिळते. त्यात ॲसायक्लोव्हिर ४०० मि.ग्रॅ.च्या सात दिवसांच्या गोळ्या असतात. वर्षभराच्या औषधासाठी जन औषधी केंद्रात भाव विचारावा.

औषध दुकानदारांना विनंती एवढीच की, गोळीचे नाव चारचौघांत मोठ्याने उच्चारू नये आणि चिठ्ठीविना देऊ नये. हे चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे.

आणि आई-वडिलांना? यादीत हे नाव दिसले तर मुलाची किंवा सुनेची उलटतपासणी घेऊ नका. मोठ्या झालेल्या मुलांची काही दुखणी त्यांच्यापाशीच राहू द्यावीत. ‘तिथल्या डॉक्टरांना दाखवलेस का?’ एवढाच एक प्रश्न विचारा, आणि उत्तर नाही असे आले तर गोळ्यांबरोबर तिथल्या डॉक्टरांची फीही पाठवा. साता समुद्रापार लेकराला खरी गरज कधी कधी याच परवानगीची असते, की हे दुखणे इतर दुखण्यांसारखेच एक आहे आणि ते दाखवायला लाजू नये.